स्वयंचलित दंतचक्रपेटीतील तेलगळती

मोटारगाडीच्या एंजिनात निर्माण होणारी शक्ती चाकांपर्यंत पोहोचविताना वेग व ओढ यांचे प्रमाण चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय बदलणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित दंतचक्रपेटी म्हणतात. दुरुस्तीच्या धंद्यात ‘ऑटोमॅटिक गिअर’ हे तिचे रूढ नाव आहे. साध्या दंतचक्रपेटीत तेलाचे काम मुख्यतः वंगणाचे असते. स्वयंचलित पेटीत मात्र तेलच शक्ती वाहून नेते, क्लच दाबते, गती केव्हा बदलावयाची हे ठरविणाऱ्या झडपा हलविते आणि निर्माण झालेली उष्णता बाहेर नेते. यामुळे या पेटीतील गळती हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न राहत नाही. तेलाची पातळी मर्यादेखाली गेली की पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो, दाब घटतो, क्लचच्या चकत्या घसरून जळतात आणि अखेर संपूर्ण पेटी निकामी होते. तप्त धूरनळीवर पडलेले तेल पेट घेऊ शकते, तर रस्त्यावर सांडलेले तेल दुचाकीस्वारांना घातक ठरते.

जतन केलेल्या जुन्या गाड्यांत ही गळती दुरुस्तीनंतरही पुनःपुन्हा उद्भवते. जेथे थेंब दिसतो तेथील सील बदलले जाते आणि गळतीचे मूळ तसेच राहते, हे त्याचे प्रमुख कारण होय. या विषयाचा सोलापूरशी दोन प्रकारे संबंध येतो. भारतीय मोटार उद्योगाचे एक आद्य प्रवर्तक वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. आणि तेथील उष्ण, कोरडे व धुळीचे हवामान तेलरोधक भागांची कसोटी पाहणारे आहे.

ऐतिहासिक आढावा : द्रवाच्या साहाय्याने शक्तिप्रेषण करण्याची कल्पना मूळची जहाजांसाठी होती. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी श्टेटीन येथील व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यात काम करीत असताना १९०५ मध्ये अशा यंत्रणेचे एकस्व घेतले. वाफेच्या टरबाइनाचा अतिशय मोठा वेग जहाजाच्या मळसूत्री पंख्यास मानवत नसे. या दोहोंमध्ये तेलाने भरलेली पात्यांची चक्रे ठेवून त्यांनी ही अडचण दूर केली. समोरासमोर ठेवलेल्या दोन चक्रांपैकी एंजिनाने फिरणारे चालक चक्र तेलास गती देते आणि ते तेल दुसऱ्या, म्हणजे चालित चक्राच्या पात्यांवर आदळून त्यास फिरविते. एवढ्याच रचनेस द्रवीय युग्मक म्हणतात. या दोन चक्रांमध्ये परतणाऱ्या तेलाची दिशा बदलणारे तिसरे, स्थिर चक्र बसविल्यास ओढ वाढविता येते. अशा रचनेस परिबल परिवर्तक ही संज्ञा असून व्यवहारात तिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

ब्रिटनमधील डेम्लर कंपनीने १९३० मध्ये द्रवीय युग्मक व पूर्वनिवड करता येणारी दंतचक्रपेटी यांची जोडी आपल्या गाड्यांत वापरली. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३९ च्या सुमारास ‘फ्लुइड ड्राइव्ह’ हे युग्मक आणले. त्यात नेहमीचा क्लच कायम होता. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत दिलेली ‘हायड्रा-मॅटिक’ ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित दंतचक्रपेटी होय. तीत द्रवीय युग्मक व चार गतींची ग्रहीय दंतचक्रमाला होती. दुसऱ्या महायुद्धात ही पेटी अमेरिकन हलक्या रणगाड्यांतही वापरली गेली. १९४८ मध्ये ब्यूइकच्या ‘डायनाफ्लो’मध्ये परिबल परिवर्तक आला आणि त्यानंतरच्या दशकात परिवर्तक अधिक ग्रहीय दंतचक्रमाला ही रचना सर्वमान्य झाली. क्रायस्लरची दोन गतींची ‘पॉवरफ्लाइट’ १९५३ मध्ये व तीन गतींची ‘टॉर्कफ्लाइट’ १९५६ मध्ये प्रचारात आली. टॉर्कफ्लाइटचे ॲल्युमिनियमच्या कवचाचे रूप १९६० नंतर आले व ते अनेक दशके टिकले.

तेलरोधक भागांचा इतिहास याला समांतर आहे. फिरत्या दंडाभोवती ओठासारखी कड टेकवून तेल अडविणाऱ्या कड्यास व्यवहारात ‘ऑइल सील’ म्हणतात. जर्मनीतील व्हाइनहाइम येथील फ्रॉइडेनबेर्ख या कातडी कमाविणाऱ्या कंपनीने १९२९ मध्ये चामड्याची कड असलेले असे सील तयार केले. १९३० नंतरच्या दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. स्वयंचलित पेटीचे तेल, तिचे तापमान आणि सीलचे रबर यांचा मेळ बसविणे हा तेव्हापासून या क्षेत्रातील कायमचा प्रश्न ठरला आहे.

तेलातील बदल : स्वयंचलित पेटीसाठी स्वतंत्र तेलाचे पहिले सर्वमान्य विनिर्देश जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ या नावाने प्रसिद्ध केले. १९६७ मध्ये त्याची जागा ‘डेक्स्रॉन’ने घेतली. क्लचच्या चकत्यांमधील घर्षण योग्य राहावे म्हणून प्रारंभीच्या तेलांत स्पर्म व्हेलच्या तेलापासूनचे द्रव्य मिसळीत असत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत व्हेलच्या तेलावर निर्बंध आल्याने पर्यायी द्रव्ये शोधावी लागली. तेलाचे मूळ द्रव्य व पुरके जसजशी बदलली, तसतसा त्यांचा रबरावरील परिणामही बदलला. काही तेलांमुळे रबर किंचित फुगते व कड घट्ट टेकते. काहींमुळे ते आकसते. यामुळे जुन्या सीलच्या पेटीत नव्या जातीचे तेल भरल्यावर पूर्वी नसलेली गळती सुरू होणे शक्य असते.

या तेलास लाल रंग देण्याची प्रथा एंजिन तेलापासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून पडली. निदानात या रंगाचा उपयोग होतो. पण त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. जुने तेल उष्णतेने तपकिरी होते. अनेक गाड्यांत सुकाणूच्या शक्तिसाहाय्य यंत्रणेतही हेच लाल तेल असते. याउलट फ्लुइड ड्राइव्हच्या गाड्यांत युग्मकात हलके खनिज तेल व दंतचक्रपेटीत पातळ एंजिन तेल वापरीत असल्याने तेथे गळणारे तेल लाल नसतेच.

सोलापूर व भारतीय मोटार उद्योग : यांत्रिक शक्तिप्रेषणाचा परिचय सोलापूरला कापड गिरण्यांतून झाला. १८७७ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलनंतर (जुनी मिल) लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू व जाम या गिरण्या निघाल्या. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या एंजिनाची शक्ती दोर व पट्टे यांच्या साहाय्याने छताजवळच्या लांब दंडांवर आणि तेथून प्रत्येक यंत्रावर नेली जाई. दंडांच्या धारव्यांतून ठिबकणारे तेल विणलेल्या कापडावर डाग पाडी, म्हणून तेल कोठून सुटते व ते कसे अडवावे हा गिरणीतील यंत्रकारागिराच्या रोजच्या कामाचा भाग असे.

या शहरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यापासून सुरुवात करून त्यांनी पुढे बांधकाम, जहाजवाहतूक, साखर व विमानबांधणी या क्षेत्रांत उद्योग उभारले. भारतात मोटारगाड्या बनविण्याची योजना मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली होती. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी वालचंदांनी अमेरिकन कंपन्यांशी बोलणी केली व १९४० मध्ये क्रायस्लरशी करार केला. युद्धकाळात सरकारचे आवश्यक ते साहाय्य न मिळाल्याने योजना लांबली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या व मालमोटारी यांची जोडणी सुरू झाली. वालचंदांचे ८ एप्रिल १९५३ रोजी निधन झाले.

त्याच वर्षी प्रशुल्क आयोगाने मोटार उद्योगासंबंधी दिलेल्या अहवालामुळे धोरणाची दिशा निश्चित झाली. भारतात क्रमाक्रमाने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना केवळ जोडणीचे काम करण्यास वाव उरला नाही. मुंबईत १९२८ पासून गाड्यांची जोडणी करणारी जनरल मोटर्स ही कंपनी व फोर्ड या दोघींनी १९५४ च्या सुमारास आपले येथील काम थांबविले. प्रीमियर कंपनीने इटलीच्या फियाटशी सहकार्य करून ‘फियाट ११००’ ही लहान गाडी काढली; तिचेच पुढचे रूप १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकले जाऊ लागले. पद्मिनी आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर या दोन्ही गाड्यांत दीर्घकाळ सुकाणूदांड्याजवळील दट्ट्याने बदलावयाची, चार गतींची साधी दंतचक्रपेटी होती.

या धोरणाचे दुहेरी परिणाम झाले. देशात सुटे भाग, ओतकाम व यंत्रकाम यांचे उद्योग वाढले. परंतु याच काळात अमेरिकेत सार्वत्रिक झालेली स्वयंचलित दंतचक्रपेटी भारतीय कारागिराच्या हाताखाली क्वचितच आली. पूर्वी आयात झालेल्या, वकिलातींकडून विक्रीस निघालेल्या किंवा परदेशातून परतणाऱ्यांनी आणलेल्या मोजक्या गाड्यांतच ती आढळे. सुटे भाग परदेशातून मागवावे लागत व माहितीपुस्तिका दुर्मिळ असत. सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी घडलेल्या कारागिराची सवय साध्या पेटीची होती. तीत गळती दिसली की सील बदलावे, पॅकिंग नवे घालावे व तेल भरावे, एवढ्याने बहुधा काम भागे. स्वयंचलित पेटीस हीच रीत लावल्याने गळती थोड्या दिवसांनी परत येई.

तेल सुटण्याच्या जागा : स्वयंचलित पेटीतील सर्वांत महत्त्वाचे सील पंपाच्या पुढील तोंडाशी असते. परिवर्तकाची पोकळ मान या सीलमधून आत जाऊन पंप फिरविते. मान व पंपाचे कवच यांच्यामध्ये एक बुश असतो. बुशमधून झिरपणारे तेल सीलच्या मागील पोकळीत येते व तेथून परतीच्या छिद्राने खालच्या तेलपात्रात जाते. यामुळे सुस्थितीतील पेटीत पंपाचा पूर्ण दाब या सीलवर कधीच येत नाही. याशिवाय गती निवडण्याच्या दांड्याचा दंड, वेगमापकाच्या केबलची जागा, तेलमापक पट्टीच्या नळीचा तळ, मागील दंडाचे सील, रेडिएटरमधील शीतकाकडे जाणाऱ्या नळ्या आणि तेलपात्राचे पॅकिंग या ठिकाणांहूनही तेल सुटू शकते. तेलपात्राचे, म्हणजे चेंबरचे, बोल्ट गळती थांबावी म्हणून अधिक आवळले, तर त्याच्या पातळ पत्र्याची कड वाकते आणि बोल्टांच्या मधल्या भागात फट वाढते. असा चेंबर सपाट केल्याशिवाय नवे पॅकिंग टिकत नाही.

भ्रामक गळती : धावत्या गाडीखालील हवेच्या झोताने तेल मागे ढकलले जाते व गुरुत्वाकर्षणाने ते सर्वांत खालच्या बोल्टाशी गोळा होते. त्यामुळे थेंब पडण्याची जागा व तेल सुटण्याची जागा पुष्कळदा भिन्न असतात. एंजिनाच्या झडपांवरील झाकणातून सुटलेले तेल क्लचच्या कवचाच्या मागील भिंतीवरून ओघळून पुढील सीलची गळती असल्याचा भास निर्माण करते. भुजादंडाच्या मागील सीलमधून येणारे एंजिन तेलही त्याच कवचाच्या तळाशी जमते. सुकाणूच्या यंत्रणेतील लाल तेल चौकटीवरून वाहत पेटीपर्यंत येते. यासाठी ओलाव्याचा सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू हाच संशयाचा पहिला बिंदू मानतात.

काही वेळा जमिनीवर एकही थेंब नसताना तेल कमी होत जाते. १९६० नंतरच्या अनेक अमेरिकन पेट्यांत एंजिनाच्या निर्वातावर चालणारा नियंत्रक असतो. त्यातील रबरी पटल फाटल्यास एंजिन पेटीतील तेल शोषून घेते व ते जळून धूरनळीतून पांढरट धुराच्या रूपाने बाहेर पडते. नियंत्रकाची निर्वात नळी काढून तीत तेल आढळल्यास हा दोष सिद्ध होतो. दुसरा प्रकार रेडिएटरमधील शीतकाच्या भेगेचा होय. यात तेल पाण्यात मिसळून गुलाबी, दुधाळ मिश्रण तयार होते. हे मिश्रण पेटीत शिरल्यास क्लचच्या चकत्यांचा थर सुटतो, म्हणून अशा पेटीत केवळ तेल बदलणे पुरेसे नसते.

पुनरावर्ती गळतीची कारणे : पुढील सील वारंवार निकामी होत असल्यास सीलच्या पलीकडे पाहावे लागते. बुश झिजला असल्यास परिवर्तकाची मान डोलू लागते. सीलची कड तिच्यामागोमाग तेवढ्या वेगाने जाऊ शकत नाही आणि प्रत्येक फेऱ्यात थोडे तेल सुटते. बुश का झिजला, हाही प्रश्न तेथेच संपत नाही. एंजिन व पेटी वेगळी करून पुन्हा जोडताना त्यांना एका रेषेत ठेवणाऱ्या खुंट्या हरवल्या किंवा दोहोंमध्ये मातीचा थर राहिला, तर दोन्ही अक्ष जुळत नाहीत आणि नवा बुशही एकाच बाजूने घासला जातो. अक्षांचे हे अंतर डायल गेजने मोजता येते. परिवर्तकास एंजिनाशी जोडणारी पातळ तबकडी तडकली असल्यासही हाच परिणाम होतो.

जुन्या सीलच्या कडेमुळे परिवर्तकाच्या मानेवर बारीक खाच पडलेली असू शकते. नवे सील त्याच जागी बसविल्यास त्याची कड खाचेतच टेकते व तेल अडत नाही. अशा वेळी मान घासून गुळगुळीत करतात, तीवर पातळ पोलादी वेष्टण चढवितात किंवा परिवर्तक बदलतात. परतीचे छिद्र गाळाने बुजले असल्यास सीलच्या मागे दाब साठतो आणि चांगले सीलही तेल बाहेर टाकते किंवा जागेवरून निसटते.

पेटीस बाहेरील हवेशी जोडणारे एक छिद्र असते. पेटी तापली असता आतील हवा या छिद्रावाटे बाहेर जाते. धूळ व तेल यांच्या चिखलाने ते बंद झाल्यास आतील दाब वाढून जो सील सर्वांत अशक्त असेल तेथून तेल निघते. तो बदलल्यास पुढच्या खेपेस दुसरा गळतो. गळतीची जागा अशी बदलत राहिली, तर हवाछिद्र प्रथम पाहावे.

तेल प्रमाणाबाहेर भरणे हेही एक प्रमुख कारण आहे. तेलात बुडालेली फिरती चक्रे त्याचा फेस करतात व फेस हवाछिद्रातून किंवा तेलमापक पट्टीच्या नळीतून बाहेर पडतो. तो क्लचच्या कवचावरून ओघळल्याने पुढील सीलवर आळ येतो. चुकीच्या मापनामुळे असे घडते. तेल तापल्यावर प्रसरण पावते, म्हणून थंड पेटीत पट्टीवरील वरच्या खुणेपर्यंत भरलेले तेल प्रवासात जास्त ठरते. बहुतेक पेट्यांत पातळी एंजिन चालू ठेवून, तेल तापलेले असताना व गाडी सपाट जागी उभी करून पाहावयाची असते. जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये ‘पार्क’ स्थितीत परिवर्तकाकडे तेल जात नसल्याने मापन ‘न्यूट्रल’ स्थितीत करण्याची सूचना असते. एंजिन तेलाप्रमाणे गाडी बंद करून पातळी पाहण्याच्या सवयीमुळे येथे हमखास चूक होते.

उभ्या गाडीतील गळती : जतन केलेल्या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. या काळात परिवर्तकातील तेल पंप व झडपा यांच्यामधील सूक्ष्म फटींतून हळूहळू तेलपात्रात उतरते. परिवर्तकासह पेटीत एकूण आठ-नऊ लि. तेल असल्यास त्यातील बराचसा भाग परिवर्तकात असतो. तो खाली आल्यावर पात्रातील पातळी नेहमीपेक्षा पुष्कळ वर चढते आणि एरवी तेलाच्या वर असणारा गती निवडण्याच्या दंडाचा सील तेलात बुडतो. हा लहानसा सील कडक झालेला असल्यास गळती सुरू होते व पातळी सीलच्या खाली येताच आपोआप थांबते. गाडी सुरू केल्यावर तेल परिवर्तकात परत जाते आणि कितीही फिरविली तरी गळती दिसत नाही.

समजा, अशी एक गाडी महिनाभर उभी राहिल्यावर तिच्याखाली तेलाचे थारोळे दिसले. चेंबरचे पॅकिंग बदलून ती रोज चालविली, तर दुरुस्ती यशस्वी झाल्यासारखे वाटते. पुढील महिन्यात गाडी पुन्हा उभी राहते व थारोळे परत दिसते. मग पॅकिंग दुसऱ्यांदा बदलले जाते. अशा प्रसंगी गाडी सुरू करण्यापूर्वीची व तापल्यानंतरची पातळी यांची तुलना केल्यास उलगडा होतो. पहिली दुसरीपेक्षा फार वर असेल, तर तेल परिवर्तकातून उतरले आहे हे निश्चित होते आणि शोध दंडाच्या सीलपर्यंत मर्यादित करता येतो. हा सील स्वस्त असतो. त्याच्याऐवजी पुढील सीलसाठी संपूर्ण पेटी उतरविल्यास खर्च मोठा होतो व दोष तसाच राहतो. गाडी अधूनमधून तेल पूर्ण तापेपर्यंत चालविणे हा यावरील सोपा प्रतिबंध होय.

हवामानाचा परिणाम : सोलापूर परिसरात एप्रिल-मेमध्ये तापमान ४०° से.च्या वर जाते. पुण्याहून सोलापूरपर्यंतचा सु. २५० किमी.चा महामार्ग अशा दिवसांत एका दमात कापला, की पेटीतील तेल नेहमीपेक्षा अधिक तापते. नायट्राइल रबर सु. १००° से.पर्यंत दीर्घकाळ टिकते. त्यापुढे ते लवकर कडक होऊन त्यास चिरा पडतात. पॉलिॲक्रिलेट व फ्लुओरीनयुक्त रबरे याहून अधिक तापमान सहन करतात. यास्तव पुढील सीलसाठी ती पसंत केली जातात. बुचाच्या पॅकिंगमधील ओलावा कोरड्या हवेत उडून ते आकसते. धूळ मात्र एका दृष्टीने उपयोगीही पडते. तेलाच्या ओघळावर ती चिकटून थर बनतो; जेथे थर जाड व कोरडा तेथे गळती जुनी आणि जेथे तेल ताजे व धूळ धुऊन निघालेली तेथे ती चालू असल्याचे कळते. सबब तपासणीपूर्वी गाडी धुण्याची घाई करू नये. प्रथम हा थर पाहून घ्यावा.

निदानाची पद्धत : निदानाचा पहिला भाग नोंदीचा असतो. गळती उभ्या गाडीत होते की धावत्या, थंड स्थितीत की तापल्यावर, पेटीत तेल घातल्यानंतर लगेच की काही दिवसांनी, हे टिपून ठेवतात. गाडीखाली पांढरा कागद पसरून त्यावर चाकांच्या खुणा केल्यास थेंबांची जागा व रंग दोन्ही मिळतात. केवळ उभ्या गाडीत होणारी गळती परिवर्तकातून उतरणाऱ्या तेलाकडे किंवा चेंबरच्या पॅकिंगकडे बोट दाखविते. केवळ धावताना होणारी गळती पुढील सील, शीतकाच्या नळ्या किंवा मागील सील यांकडे. आणि लांब प्रवासाच्या अखेरीस होणारी गळती हवाछिद्र व जास्तीचे तेल यांकडे.

दुसऱ्या भागात संशयित भाग स्वच्छ पुसून कोरडा करतात, त्यावर शंखजिऱ्याची भुकटी फवारतात आणि गाडी थोडी चालवून भुकटी प्रथम कोठे भिजते ते पाहतात. तेलात प्रस्फुरक रंग मिसळून जंबुपार दिव्याच्या प्रकाशात ओघळाचा माग काढण्याची रीतही रूढ आहे. दोन तेलांविषयी संभ्रम असल्यास रंग केवळ एका यंत्रणेत घालतात. क्लचच्या कवचाचे खालचे झाकण काढून परिवर्तक पाहिल्यास आणखी माहिती मिळते. पुढील सीलमधून सुटलेले तेल परिवर्तकाच्या मागील बाजूने कवचात वर्तुळाकार उडालेले असते. परिवर्तकाचा पुढचा भाग ओला असल्यास एंजिनाचे मागील सील किंवा परिवर्तकाचे वेल्डिंग संशयास्पद ठरते.

तिसऱ्या भागात, सील निकामी आढळल्यावर ते का निकामी झाले हे शोधतात. काढलेले सील टाकून न देता त्याची कड तपासतात. सर्व बाजूंनी कडक झालेली कड उष्णता किंवा वय दर्शविते, एकाच बाजूने झिजलेली कड अक्षांचा फरक, मऊ व फुगलेली कड न जुळणारे तेल आणि फाटलेली कड बसविताना झालेली इजा दर्शविते. गळती थांबविणारी म्हणून विकली जाणारी पुरके रबर मऊ करून फुगवितात. कडक झालेल्या सीलमुळे होणारी गळती त्यांनी काही काळ थांबते. परंतु झिजलेला बुश, खाच पडलेली मान किंवा बंद हवाछिद्र यांवर त्यांचा काही परिणाम होत नाही आणि कालांतराने रबर अधिक ढिले पडते. फ्लुइड ड्राइव्हच्या युग्मकात ओठाचे सील नसून धातूच्या घडीदार नळीवर बसविलेले कार्बनचे कडे असते. त्याचा पृष्ठभाग खराब झाल्यास कोणतेही पुरक उपयोगी पडत नाही.

सद्यःस्थिती : पद्मिनीचे उत्पादन सु. २००० मध्ये व अँबॅसडरचे २०१४ मध्ये थांबले. नव्या भारतीय गाड्यांत आता विविध प्रकारच्या स्वयंचलित पेट्या सर्रास आढळतात. त्यांपैकी अनेकांना तेलमापक पट्टी नसते व दोषाचा शोध संगणकीय उपकरणांनी सुरू होतो. जुन्या पेटीची पारख मात्र अजूनही डोळे, हात व नोंद यांवर अवलंबून आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. यामुळे गळणारी जुनी पेटी काढून तिच्या जागी दुसऱ्या गाडीची पेटी बसविण्याचा सोपा मार्ग अशा गाड्यांच्या बाबतीत इष्ट राहिलेला नाही. दर चुकीच्या दुरुस्तीत एकेक मूळ भाग नाहीसा होतो आणि पेटी प्रत्येक वेळी उतरविताना तिच्या ॲल्युमिनियमच्या कवचातील आटे झिजतात. परिणामी अशा गाडीचे आयुष्य गळती किती वेळा बुजविली यापेक्षा तिचे मूळ किती लवकर सापडले यावर अवलंबून असते.